संगणक सुरू होताच काय चालावे, ते सेवा केंद्रावर ठरू द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि विदर्भातल्या ग्रामपंचायतींना, सेवा केंद्रांना व जिल्हा परिषद शाळांना संगणक पुरवणारे आणि सांभाळणारे सर्व अधिकारी यांस

विषय : संगणक सुरू होताच ब्राउझर मागच्या मागे आपोआप चालू होण्याची सोय बंद-चालू करण्याचा अधिकार केंद्रचालकांना व शिक्षकांना मिळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, सातबारा, महाडीबीटीचे अर्ज, पीक विमा, फार्मर आयडी, असे जे जे शासनाने ऑनलाइन केले ते गावात सगळ्यात आधी माझ्या टेबलावर येते. हे पत्र पगारासाठी नाही, कमिशनसाठी नाही, नव्या यंत्रासाठीही नाही. एका सेटिंगसाठी आहे. एका सेटिंगसाठी थेट आपल्यापर्यंत यावे का, असा प्रश्न आपल्याला पडेल. पण ती सेटिंग आमच्या हातात नाही, खालच्या पातळीवर कोणाच्याच हातात नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी ती सेटिंग काय आहे ते सांगते. आपण संगणक सुरू करतो, पासवर्ड टाकतो, आणि ब्राउझरच्या चित्रावर क्लिक करण्याआधीच ब्राउझरचा काही भाग आतल्या आत चालू होऊन मेमरीत बसतो. पडद्यावर काहीच दिसत नाही. पुढे आपण खरोखर क्लिक केले की खिडकी चटकन उघडते, कारण निम्मे काम आधीच झालेले असते. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये या सोयीला स्टार्टअप बूस्ट म्हणतात. ती 2021 च्या सुरुवातीला आली. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे: शेवटची खिडकी बंद केली की ब्राउझर पूर्ण जात नाही, मागे पुन्हा तयार होऊन बसतो, म्हणजे पुढच्या वेळीही पटकन उघडेल. क्रोममध्ये थोडी वेगळी सोय आहे, ब्राउझर बंद केला तरी त्याची मागची कामे चालू ठेवायची की नाही, याची. फायरफॉक्समध्ये संगणक सुरू होताच फायरफॉक्स उघडावा का, असा खूण करायचा चौकोन आहे. तिन्हीकडे निवड वापरणाऱ्याच्या हातात ठेवलेली आहे.

ही सोय वाईट आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. आठ-सोळा जीबी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, असेल, आत फिरत्या डिस्कऐवजी वेगवान एसएसडी असेल, लाईन जात नसेल, तर तिचा त्रास कोणाला जाणवणारही नाही. माझा भाचा नागपूरला नोकरीला आहे, त्याचा लॅपटॉप आठवडा आठवडा बंदच होत नाही, झाकण लावले की झोपतो आणि उघडले की जागा होतो. त्याला ‘सुरू होताना’ हा प्रसंगच क्वचित येतो. आमच्याकडे हा प्रसंग दिवसातून किती वेळा येईल ते लाईनच्या हाती आहे.

माझे पत्र इथूनच सुरू होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उन्हाळ्यात दुपारी लाईन जाते. पावसाळ्यात वारा सुटला की जाते. भारनियमन असेल तर वेळापत्रकाने जाते. केंद्रांना यूपीएस दिलेले आहेत, पण त्यांच्या बॅटऱ्या विदर्भाच्या मे महिन्यात किती टिकतात ते आपण जाणताच. बॅटरी बसली की लाईन गेल्याबरोबर संगणक धाडकन बंद पडतो. आता यात एक बारकावा आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची व्यवस्था असते. आपण नीट शट डाऊन केले तर विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तिथून लवकर उठते. पण वीज अचानक गेली की काही जपले जात नाही. लाईन आली की यंत्र पार पहिल्यापासून उठते, कधी कधी डिस्क तपासत बसते. म्हणजे जिथे संगणक वारंवार सुरू करावा लागतो, तिथेच प्रत्येक सुरुवात सगळ्यात जड असते. आणि त्या प्रत्येक जड सुरुवातीला ब्राउझर आपला वाटा मागतो.

आमच्याकडच्या कितीतरी ग्रामपंचायतींकडे आज जे संगणक आहेत त्यांत चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क आहे. चार जीबीतला काही भाग पडद्यावरचे चित्र दाखवायलाच जातो, कारण वेगळे ग्राफिक कार्ड नसते. विंडोज आणि अँटिव्हायरस मिळून उरलेल्यातले निम्म्याच्या आसपास घेतात. पण खरी अडचण रॅमपेक्षा डिस्कची आहे. मिनिटाला 7200 फेऱ्या मारणाऱ्या डिस्कला एक फेरी पूर्ण करायला 8 मिलिसेकंदांहून थोडे जास्त लागतात. शिवाय वाचणारे टोक एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकायला वेळ लागतो. विखुरलेल्या जागांवरचे तुकडे वाचायचे असतील तर अशी डिस्क सेकंदाला साधारण शंभर तुकडे वाचते, त्याहून फार नाही. एसएसडीला हेच काम हजारोंच्या हिशेबात जमते, कारण तिच्यात फिरणारे काहीच नसते. सुरू होताना विंडोज वाचते आहे, अँटिव्हायरस वाचतो आहे, प्रिंटरचा प्रोग्राम वाचतो आहे, अपडेट शोधणारे दोन-तीन प्रोग्राम वाचत आहेत, आणि त्यातच ब्राउझर आपल्या शेकडो एमबीच्या फायली मागतो आहे. टोक एकच. एसटी स्टँडवर एकाच खिडकीशी पाच गावची माणसे एकदम हात घालतात तसे होते, आणि ज्याला पहिली गाडी धरायची तोच मागे राहतो.

आमच्या केंद्रात पहिली गाडी धरायची असते अंगठ्याच्या यंत्राला.

अंगठा घेणारे छोटे उपकरण आपण पाहिले असेल. ते नुसते वायरीने जोडून चालत नाही. त्याच्यासाठी संगणकात आरडी सर्व्हिस नावाचा एक प्रोग्राम सतत चालू असावा लागतो. आधारच्या नियमानुसार नोंदणीकृत उपकरणच चालते आणि ठशाचे कूटरूप या प्रोग्राममार्फत होऊन पुढे जाते. पोर्टलचे पान उघडले की ते याच संगणकावरच्या 11100 ते 11120 या क्रमांकांच्या पोर्टवर, म्हणजे प्रोग्रामांच्या आतल्या दारांवर, शोधते की ही सर्व्हिस जागी आहे का. जागी असली तर उपकरण तयार असल्याचे दिसते. अजून उठलेली नसली तर पान सांगते, उपकरण सापडले नाही. प्रत्यक्षात उपकरण समोर आहे, त्याचा दिवाही लागलेला आहे. फक्त त्याच्या प्रोग्रामला डिस्ककडे वाट मिळालेली नाही.

गेल्या जुलैत असेच झाले. विम्याची मुदत जवळ आलेली, ओट्यावर बायामाणसे बसलेली. लाईन गेली, बऱ्याच वेळाने आली. यंत्र सुरू केले. पडदा आला, पण माऊस सरकवला की बाण अडखळत पुढे जात होता आणि डब्यावरचा डिस्कचा लाल दिवा विझतच नव्हता. रांगेत पुढे एक आजी होत्या. निंदणाने बोटे घासून गुळगुळीत झालेली, ठसा आधीच कष्टाने उमटतो. पान म्हणाले उपकरण नाही. त्यांनी बोट पदराला पुसून पुन्हा ठेवले. पुन्हा तेच. मागून एक काकाजी म्हणाले, “काऊन वो ताई, लाईन त आली ना, मंग मशीन काऊन थांबली?” आजी माझ्याकडे पाहत होत्या, त्यांना वाटत होते चूक त्यांच्या बोटाची आहे. “मायं बोटच झिजलं बाई,” असे त्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या.

कोणता प्रोग्राम किती मेमरी आणि डिस्क वापरतो ते दाखवणारा टास्क मॅनेजर मी उघडला. डिस्क शंभर टक्के, आणि तीच ओढणाऱ्यांच्या यादीत वरच्या बाजूला एज ब्राउझर. मी तो उघडलेला नव्हता. शिवाय माझे काम त्या ब्राउझरमध्ये होतच नाही. आमच्या जवळपास सगळ्या पोर्टलसाठी मला दुसरा ब्राउझर वापरायला सांगितलेले आहे, अंगठ्याची आणि डिजिटल सहीची जोडणी त्यातच केलेली आहे. म्हणजे ज्यात काम करायचे तो मागे थांबलेला, ज्याला कोणी हात लावणार नाही तो आधी हजर. बोट झिजले म्हणून आजींचा अंगठा नाकारला गेला नव्हता, पण हे त्या दिवशी त्यांना पटवून देणे मला जमले नाही.

अशा वेळी केंद्रचालक काय करतो? बहुतेक जण यंत्र रिस्टार्ट करतात. साहजिक आहे, वरून सल्लाही तोच मिळतो. पण रिस्टार्ट म्हणजे पुन्हा तीच सुरुवात, पुन्हा तीच ओढाताण. जरा धीर धरून आरडी सर्व्हिस उठू दिली असती तर काम झाले असते, पण रांगेसमोर नुसते बसून राहणे किती अवघड असते ते रांगेसमोर बसणाऱ्यालाच कळते.

मग ती सोय मी बंद का केली नाही? साधी गोष्ट आहे. एजमध्ये सेटिंगमध्ये जाऊन सिस्टीम आणि परफॉर्मन्सच्या पानावर स्टार्टअप बूस्टचे बटण असते, ते बाजूला सरकवले की झाले. त्याच्याजवळच ब्राउझर बंद केल्यावर एक्स्टेंशन आणि ॲप मागे चालू ठेवण्याचे बटण असते, तेही बंद करावे लागते, नाहीतर एकीकडून घालवलेले दुसरीकडून राहते. घरच्या लॅपटॉपवर मी हे दोन्ही केले आहे. केंद्राच्या यंत्रावर मात्र ते बटण राखाडी आहे, शेजारी कुलपासारखे चिन्ह, आणि ही सेटिंग तुमची संस्था सांभाळते अशा अर्थाची ओळ. अ‍ॅडमिन पासवर्ड आमच्याकडे नाही. तो वर असतो.

तक्रार केली. ज्यांच्याकडे देखभालीचे काम आहे त्यांचा माणूस आला, चांगला मुलगा होता, पण त्याला सांगितलेले काम एकच: फॉरमॅट मारणे. त्याने फॉरमॅट मारला आणि वरून मिळालेली इमेज, म्हणजे विंडोज, प्रोग्राम आणि सेटिंग आधीच भरलेली तयार प्रत, पुन्हा टाकली. त्या इमेजमध्येच कुलूप आहे. माझा अर्धा दिवस गेला, स्कॅनरचा ड्रायव्हर गेला, आणि बटण जसे होते तसेच राखाडी राहिले. त्या मुलाला दोष नाही. ज्याने ती इमेज बनवली त्याने बहुधा नव्या, ताकदवान यंत्रावर बनवली असेल, तिथे हे जाणवलेच नसेल. त्यालाही दोष देण्यासाठी मी लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की इमेज बनवणारा, फॉरमॅट मारणारा आणि रांगेसमोर बसणारा ही तीन वेगळी माणसे आहेत, आणि निर्णय पहिल्याकडे अडकला आहे.

आता तांत्रिक बाजू, कारण आपल्या कार्यालयातले कोणी म्हणेल की धोरण एकसारखेच ठेवावे लागते. धोरण ठेवाच. पण हे विशिष्ट धोरण कसे चालते ते एकदा पाहावे. एजसाठी प्रशासकाला मिळणाऱ्या धोरणांच्या यादीत स्टार्टअप बूस्टचे वेगळे धोरण आहे. त्याला तीन अवस्था आहेत. चालू केले तर सोय चालू राहते आणि वापरणाऱ्याला बदलता येत नाही. बंद केले तर बंद राहते, तेही बदलता येत नाही. आणि तिसरी अवस्था म्हणजे धोरण ठरवलेच नाही, मग सेटिंग सुरुवातीला चालू असो वा बंद, वापरणाऱ्याला ती बदलता येते. मी फक्त ही तिसरी अवस्था मागते आहे. त्यासाठी नवीन सॉफ्टवेअर नको, निविदा नको, खर्चही नाही.

ही मागणी जगावेगळीही नाही. जुन्या एजमध्येसुद्धा, म्हणजे 2021 मध्ये ज्याचा आधार संपला त्या पहिल्या एजमध्ये, 2018 सालच्या विंडोज 10 पासून हेच नियंत्रण प्रशासकाला दिलेले होते: विंडोज सुरू होताना, यंत्र मोकळे असताना आणि ब्राउझर बंद केल्यावर तो मागे तयार करून ठेवायचा की नाही. बनवणाऱ्यांना तेव्हाही ठाऊक होते की सगळी यंत्रे सारखी नसतात. नियंत्रण तेव्हापासून आहे. ते जिथे वापरायला हवे तिथपर्यंत उतरलेले नाही.

मी सरसकट ‘मागे चालणारे सगळे बंद करा’ असे म्हणत नाही, हे इथे मुद्दाम लिहिते, कारण असा आदेश निघाला तर आमचेच नुकसान होईल. आरडी सर्व्हिस बंद पडली तर अंगठा नाही. डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्राम बंद पडला तर सही नाही. अँटिव्हायरस आणि ब्राउझरचे सुरक्षा अपडेट तर चालूच हवेत, आमच्या यंत्रांतून लोकांचे आधार आणि बँकेचे क्रमांक जातात. त्यांची कुलपे ठेवा, ती आम्हालाही हवी आहेत. काही केंद्रचालक चिडून टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतले दिसेल ते बंद करतात आणि मग दोन दिवस अंगठा का लागत नाही ते शोधत बसतात. म्हणून ज्याला जे बंद करायचे ते त्याच्या स्वतःच्या सेटिंगमधून नीट बंद करता आले पाहिजे.

आणखी एक गैरसमज दूर करते. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बरेच जण म्हणतात की हा मागे बसलेला ब्राउझर सगळे नेट खातो. ब्राउझर तयार होऊन बसतो म्हणजे तो कोणते पान उघडून ठेवत नाही, त्यामुळे नेटचा दोष सगळा त्याच्यावर टाकणे बरोबर नाही. नेट खाणारी अपडेट वेगळी असतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करताना ते कनेक्शन मीटर्ड, म्हणजे मोजक्या डेटाचे, म्हणून नोंदवले की विंडोजची मोठी अपडेट थांबतात, हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून ठेवते. माझी तक्रार मेमरीची आणि डिस्कची आहे, तेवढीच मांडते.

सोय बंद केली की काय गमवावे लागेल? पहिल्यांदा ब्राउझर उघडताना काही सेकंद जास्त लागतील. ते आम्ही आनंदाने देऊ. सेवा केंद्रात ब्राउझर सकाळी एकदा उघडतो तो संध्याकाळपर्यंत उघडाच असतो, टॅब बदलतात, ब्राउझर नाही. वारंवार उघडणाऱ्या-मिटणाऱ्याला जो फायदा आहे तो आम्हाला दिवसातून एकदाच मिळतो, पण त्याची किंमत मात्र प्रत्येक वेळी लाईन आल्यावर भरावी लागते. ब्राउझर मिटल्यानंतरही तो मागे राहतो ते वेगळेच. कागदपत्र स्कॅन करून ठरलेल्या केबीत बसवायचे, फोटो कापायचा, पीडीएफ जोडायची, ही कामे ब्राउझरबाहेरची आहेत आणि त्यांनाही तीच रॅम लागते.

शाळांचेही थोडे सांगते. आमच्या केंद्रशाळेत संगणकाची खोली आहे, तिथल्या मॅडमनी मला दोनदा बोलावले म्हणून मी ती जवळून पाहिली. तास संपेपर्यंत जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो. पोरे रांगेने येतात, यंत्रे एकदम चालू होतात. एकदम चालू होणे हेच तिथे जड जाते. पोरांना त्या दिवशी टायपिंग करायचे असते किंवा रंगवायचे असते, नेट कित्येकदा नसतेच. तरीही प्रत्येक यंत्रावर ब्राउझर आधी तयार होतो. पहिली काही मिनिटे पोरे बाणाकडे पाहत बसतात. चौथीतल्या एका पोरीने मला विचारले, “बाई, हे रोज एवढा विचार काऊन करते?” मॅडमकडेही अ‍ॅडमिन पासवर्ड नाही. शाळेत तर आधारचा अंगठा नाही, डिजिटल सही नाही. तिथे ही सोय कुलूप लावून चालू ठेवण्याचे एकही कारण मला दिसत नाही.

नवीन यंत्रे येतील तेव्हा प्रश्न आपोआप सुटेल, असे एका बैठकीत ऐकले. येतील तेव्हा स्वागतच आहे. पण विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, जो आमच्या कितीतरी यंत्रांत नाही. म्हणजे ही यंत्रे विंडोज 10 वरच राहणार. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 वर एजची अपडेट किमान ऑक्टोबर 2028 पर्यंत देण्याचे सांगितले आहे. म्हणजे यंत्र म्हातारे होत जाईल आणि त्यातला ब्राउझर दर काही आठवड्यांनी नवा होत राहील. ही तफावत येत्या वर्षांत वाढेल, कमी होणार नाही. म्हणूनच आज कुलूप काढणे गरजेचे आहे. जमले तर जुन्या डिस्क काढून एसएसडी बसवाव्यात, हा खरा इलाज आहे हे मलाही मान्य आहे. त्याला निधी लागेल, मंजुरी लागेल, आम्ही थांबू. सेटिंगला यातले काही लागत नाही.

महाराष्ट्रात 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे ते त्यात ठरवून देता येते, फलक केंद्रात लावलेला असतो. तो कालावधी अर्ज दाखल झाल्यापासून मोजला जातो. अर्ज दाखल होण्याआधी माणूस ओट्यावर किती वेळ बसला, रोज बुडवून दुसऱ्या दिवशी परत आला का, हे कुठेच मोजले जात नाही. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला तेव्हा, 2024 च्या पावसाळ्यात लाडक्या बहिणींचे अर्ज सुरू झाले तेव्हा, पुढे फार्मर आयडीच्या वेळी, गर्दी कशी उसळते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा दिवशी सर्व्हर हळू असतो, त्याला आमचा इलाज नाही, तो मुंबई-दिल्लीचा विषय आहे. पण यंत्र उठल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटे आपल्या जिल्ह्याच्या हातात आहेत. निंदणाच्या दिवसांत मजूर बाईचा अर्धा रोज म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. पुरवठ्याची जी इमेज आहे तिच्यात ब्राउझरने आधी तयार होऊन बसण्याचे धोरण ‘ठरवलेले नाही’ या अवस्थेत ठेवावे, आणि आठ जीबीपेक्षा कमी रॅमच्या किंवा फिरत्या डिस्कच्या यंत्रांवर ती सोय सुरुवातीलाच बंद करून द्यावी, म्हणजे ज्याला हवी तो चालू करेल. हे शाळांनाही लागू करावे. देखभालीच्या करारात ‘फॉरमॅट’ हा एकच इलाज नसावा. आलेल्या माणसाने स्टार्टअपला काय काय चालते ते केंद्रचालकासमोर बसून पाहावे आणि आरडी सर्व्हिस, सहीचा प्रोग्राम व अँटिव्हायरस सोडून बाकीचे केंद्रचालकाला विचारून ठेवावे किंवा काढावे, एवढे लेखी असावे. इमेज बनवणाऱ्यांनी ती पाठवण्याआधी एकदा तालुक्याच्या एखाद्या जुन्या यंत्रावर, अंगठ्याचे उपकरण जोडून, वीज काढून आणि पुन्हा लावून चालवून पाहावी. नीट शट डाऊन करून नव्हे, वीज काढून. आमची यंत्रे तशीच बंद पडतात.

कोणाला शंका असेल तर माझ्या केंद्रावर यावे. एकच यंत्र आहे. त्याच्यावर सोय चालू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा, लाईन गेल्यासारखे बंद करून, आरडी सर्व्हिस कधी जागी होते ते घड्याळ लावून आपल्यासमोर दाखवेन. फरक दिसला नाही तर ही मागणी मी मागे घेईन. दिसला तर मृगाच्या आधी आदेश काढावा, कारण पेरणी सुरू झाली की विम्याच्या रांगा लागतात आणि त्यानंतर यंत्रांना हात लावायला कोणालाच सवड राहत नाही.

पत्राची प्रत तालुक्यातल्या इतर केंद्रचालकांनाही देत आहे. त्यांच्यापैकी ज्यांना हाच त्रास आहे त्यांनी आपल्या यंत्राची रॅम किती, डिस्क कोणती, आणि ते बटण राखाडी दिसते की नाही, एवढे तीन तपशील लिहून गटविकास अधिकाऱ्यांकडे द्यावेत. आपल्याकडे किती यंत्रे अशी आहेत ते त्यातून कळेल.

आपली विश्वासू,
एक सेवा केंद्रचालक,
यवतमाळ जिल्हा